आखूड सळई

आमच्या अंगणात शेंगा फोडायचं एक यंत्र होतं आणि त्याच्या चाळणीतली शेवटची सळई मुद्दाम आखूड ठेवलेली होती. बोटाच्या एका पेराएवढी आखूड. ती तशी का होती हे मोजक्या माणसांना ठाऊक होतं, आणि त्या सळईचं पुढे जे झालं ते आठवलं की माझं डोकं आजही फिरतं. घरचे म्हणतात, या वयात एवढा राग बरा नाही. बरा नसेल, पण तो माझा आहे. निदान तो तरी अजून कुणी आपल्या नावावर करून घेतलेला नाही.

यंत्र फुईचं. आमच्याकडे वडिलांच्या बहिणीला फुई म्हणतात. ती आबांहून मोठी, लग्नानंतर थोड्याच काळात नवरा गेला म्हणून माहेरी परत आलेली. म्हसावदच्या पुढे आमचं गाव, घरची काळीभोर जमीन, खाऊन पिऊन सुखी घर. पण त्या घरात फुईचं म्हणावं असं काही नव्हतं. दागिने सासरच्यांनी ठेवून घेतले, लुगडं आबा आणतील ते, ताट-वाटी घरातलीच. तिला नावाने हाक मारणारंही कुणी उरलं नव्हतं. गावाला ती आबांची बहीण, आम्हाला फुई, आबांना अक्का. ती तिथे असूनही लोक तिच्याबद्दल आबांशी बोलत. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ती ज्या एका गोष्टीसाठी अडून बसली ती हीच.

दिवाळीनंतर भुईमूग घरात आला की बायकांच्या बोटांचे हाल सुरू होत. शेंग अंगठ्याने दाबायची, फोडायची, दाणा वेगळा करायचा, दिवसचे दिवस. अंगठ्याची कातडी फाटायची आणि त्या बोटांनी तिखट कालवायचं म्हणजे जीव जायचा. व्यापारी लोक शेंगा ओल्या करून बडवून घेत, मग दाणा निम्मा फुटायचा आणि उरलेल्याला बुरशी यायची. पुरुषांना यातलं काही दिसत नव्हतं. पुरुषांना गुळाबरोबर दाणे दिसत.

फुईला दिसत होतं, कारण अंगठे तिचे होते. तिने गावच्या सुताराला बोलावून अर्धगोल लाकडी कोठी करून घेतली, तळाला लोहाराकडच्या सळयांची चाळणी बसवली आणि वरून पाळण्यासारखं मागे-पुढे झुलणारं एक लाकूड. पहिल्या खेपेला दाण्याचा भुगा झाला. सुतार हसला, आबा हसले, मीही हसले. फुई हसली नाही. तिने काय काय करून पाहिलं ते सांगत बसत नाही. शेवटी विहिरीची जुनी मोट कापली. वर्षानुवर्षं पाणी पिऊन, उन्हात सुकून त्या कातड्याला एक वेगळाच लवचिकपणा आलेला होता. ते तिने झुलत्या लाकडाच्या पोटाला ठोकून घेतलं. टरफल कडकड मोडायला लागलं आणि दाणा लाल सालीसकट, जसाच्या तसा खाली पडायला लागला. मी त्या दिवशी दाण्यांचं सूप घेऊन घरभर पळत सुटले होते आणि तेव्हा मी काही लहान नव्हते, माझं लग्न ठरत होतं.

सगळं जमल्यावर फुईने लोहाराला शेवटची सळई काढून पेरभर कापायला लावली. लोहार म्हणाला, कशाला, नीट बसलीय की. फुई म्हणाली, "इतली चांगली वस्तू व्हयनी, नजर लागी जाई. तीट लावनी पडी." तान्ह्या बाळाच्या गालाला काजळाची तीट लावतात, तशी ही यंत्राला. त्या सळईने काम वाढतही नव्हतं आणि बिघडतही नव्हतं. मी तिला चिडवलं की तीट लावायला हे काय पोर आहे का. तर म्हणाली, "तीट कोन लावस? माय लावस." पोटी मूल नसलेल्या बाईने हे म्हटलं आणि लोहाराने मान खाली घालून सळई कापली.

आता आमच्याकडचा वानोळा सांगायला हवा. घरात नवं काही आलं, मग ती पहिली वांगी असोत, नवी ज्वारी असो की म्हशीचा चीक, त्यातलं आधी दुसऱ्याच्या घरी जातं. ते न देता खाल्लं तर घास गोड लागत नाही असं आम्हाला वाटतं. पाहुणा आला तर तो जातानाही वानोळा बरोबर घेऊनच जातो. फुईने यंत्राचाही वानोळा केला. स्वतःच्या शेंगांना हात लावायच्या आधी शेजारणींच्या फोडून दिल्या. मग आळीच्या, मग गावाच्या. यंत्र बैलगाडीत घालून या खळ्यावरून त्या खळ्यावर फिरायचं. दुसऱ्या सुगीला शहाद्याकडचे लोक पाहायला आले. सुताराने ज्याला हवं त्याला तसंच करून दिलं, आणि फुईने त्याला बजावून ठेवलं होतं की तीट विसरू नको.

नंदुरबार स्टेशनाजवळ एका विलायती कंपनीची वखार होती. ती आमच्या भागातल्या शेंगा घेऊन बंदरावर धाडी. आमच्या गावचा दाणा अख्खा आणि कोरडा येतो हे त्यांच्या साहेबाच्या ध्यानात आलं, आणि एक दिवस दलालाला घेऊन साहेब आमच्या अंगणात उभा राहिला. तरुण, उन्हाने लालबुंद झालेला, बोलायला अदबशीर. त्याने यंत्र पाहिलं, चालवलं, मोजपट्टी काढून सगळीकडून मोजलं. फुई पदर सावरून शेजारी उभी राहिली आणि त्याने जे जे विचारलं ते दलालामार्फत सांगत गेली, कातडं कुठलं, किती दिवस तेलात ठेवायचं, सगळं. मग त्याला कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी काढलं त्या तिखटाने, तरी त्याने ताट स्वच्छ केलं. मला तो तेव्हा आवडला होता, हेही लिहिते.

आणि जाताना फुईने त्याला वानोळा दिला. दाणे नाहीत, यंत्र. सुताराने दुसऱ्या कुणासाठी केलेलं तयार होतं, तेच गाडीत चढवलं. आबा म्हणालेही, "अक्का, अख्खं यंत्र?" तर म्हणे, "इतला दूरथून उना, रिकामा हाते कशा धाडू?" आमचा गडी प्रकाशा गावापाशी तापी ओलांडून ते यंत्र वखारीपर्यंत नीट पोचवून आला.

पुढच्या वर्षी नंदुरबारचे एक वकील आबांकडे आले. ओळखीतले, सालस गृहस्थ. यंत्र पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, याचं पेटंट घ्यायला हवं होतं, अजूनही घेऊन पाहू. पेटंट हा शब्द आमच्या अंगणात तेव्हा पहिल्यांदा उच्चारला गेला. सरकार कागदावर लिहून देतं की ही वस्तू अमक्याने शोधली, आणि काही वर्षं त्याच्या परवानगीशिवाय ती कुणी करू-विकू शकत नाही, असं त्यांनी समजावलं. अर्ज कलकत्त्याला जातो म्हणाले.

फुईने बाकीचं काही ऐकलं नाही. "कागदवर नाव कोनं ऱ्हाई?" एवढंच विचारलं.

"ज्याने शोधलं त्याचं," वकीलसाहेब म्हणाले.

आबा जरा घुटमळले. घराण्यातल्या विधवा बाईचं नाव सरकारी कागदावर, ते कलकत्त्याला जाणार, परके लोक वाचणार. घरच्या कर्त्याचं नाव घातलं तर नाही का चालणार, असं त्यांनी हळूच विचारून पाहिलं. फुई उठून आत गेली आणि जेवायला बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आबांनी वकीलसाहेबांना निरोप धाडला की बहिणीचंच नाव घाला. माझे वडील वाईट नव्हते. पण बहीण उपाशी बसल्यावर त्यांना जे कळलं, ते आधीही कळू शकलं असतं.

अर्ज गेला. मसुदा वकीलसाहेबांनी वाचून दाखवला तेव्हा तिने आपलं नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं. तिच्या कानावर ते फार वर्षांनी पडत होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांनी ज्या जागी लिहायचं त्यांनी तिथे लिहिलं नाही, आता मी लिहून कुणाला दाखवू?

काही महिन्यांनी कळलं की अर्जाला हरकत आली आहे. हरकत त्याच कंपनीची. साक्षी घ्यायचं ठरलं आणि आमचा गाव शहाद्याच्या कचेरीत लोटला. असा उत्साह मी लग्नातही पाहिला नाही. कुणी नवं पागोटं बांधलं होतं, म्हाताऱ्या बायका गाडीत बसून आल्या होत्या. फुईसाठी साक्ष द्यायची म्हणून सगळे आलेले. कंपनीचा वकील मुंबईचा, गोड बोलणारा. त्याने एकेकाला एवढंच विचारलं की हे यंत्र तुम्ही पाहिलंय का.

आमच्या शेजारच्या काकांनी छाती फुगवून सांगितलं, "देखं काय म्हनतस साहेब, वापरं! बठ्ठा गाव वापरस. दोन सुगी व्हई गयात."

"बाईंनी कुणाला मनाई केली नाही?"

"मनाई? कोनलेच नही. माय शे ती आम्हनी."

एकामागून एक सगळे हेच बोलले, आणि शेवटी सुताराने अभिमानाने सांगितलं की मी कितीतरी यंत्रं करून दिली, अर्ज जायच्या कितीतरी आधी. फुई भिंतीशी बसून ऐकत होती. तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. तिथे फक्त आमचे वकीलसाहेब खाली टेबलाकडे बघत होते.

नंदुरबारला त्यांच्या ओसरीवर त्यांनी आम्हाला समजावलं ते मला शब्दशः आठवतं, कारण मी ते मनात इतक्या वेळा घोळवलं आहे. अर्जाच्या आधी वस्तू चारचौघांत वापरली गेली असली की कायद्याला ती नवी वाटत नाही. मग पेटंट नाही. आपल्या माणसांनी फुईचा मोठेपणा सिद्ध करता करता तिचा दावा सिद्ध होणार नाही याची सोय करून ठेवली होती. ज्यांनी साक्ष दिली नसती तर कदाचित तरलो असतो, ते सगळे प्रेमापोटी गाडी जोडून आले होते.

"पण मग कंपनीलाही मिळायचं नाही," आबा म्हणाले.

"इथे नाही. त्यांनी ते विलायतेत घेतलंय. तुमच्याकडून गेले आणि लगेच अर्ज टाकला."

"पण वापर तर झालाच होता ना? तोच गाव, त्याच शेंगा."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "त्यांचा कायदा त्यांच्या देशातला वापर बघतो. तिथे हे कुणी पाहिलेलं नव्हतं. शहाद्यात कोण काय वापरतं हे तिथे मोजत नाहीत."

मग ते आणखी एक बोलले आणि मला वाटलं ते आमची थट्टा करताहेत. म्हणाले, तिथे शोधक कुणाला म्हणतात, तर ज्याने डोकं चालवलं त्यालाही, आणि परमुलखातून ती वस्तू जो पहिल्यांदा त्यांच्या देशात घेऊन आला त्यालाही. म्हणजे साहेबाने खोटंसुद्धा बोलायची गरज नव्हती. त्याने आमच्या अंगणातून उचललं, बोटीवर चढवलं, पलीकडे उतरवलं आणि तो शोधक झाला. राष्ट्राराष्ट्रांनी मिळून एक करारही केलाय म्हणे. एका देशात अर्ज टाकला की बाकीच्या देशांत वर्षभर तुमची जागा राखून ठेवतात, कुणी मध्ये घुसू शकत नाही. साहेबाने तीही सवड साधून आणखी दोन-तीन देशांत ते नोंदवलं होतं.

"त्या करारमा आपन शेत का?" फुईने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"नाही, बाई. आपण त्यात नाही."

त्या दिवशी मला चोराचा राग आला नाही. चोर घरात शिरतो तेव्हा निदान दबकत शिरतो. मला राग आला तो त्या नीटनेटक्या व्यवस्थेचा. शहाण्या लोकांनी बसून कुणाची कल्पना कुणी चोरू नये म्हणून एवढं कुंपण घातलं, आणि ते घालताना आम्हाला बाहेर ठेवलं, आणि मग बाहेरचं जे दिसेल ते मोकळं रान समजून आत ओढून घेतलं. आमचा वानोळा त्यांच्या दृष्टीने बेवारस माल होता. कुणालाही नाही न म्हणणाऱ्या बाईला त्यांच्या कायद्यात जागाच नव्हती, आणि मी सांगते, अशी जागा करायचं कुणाच्या मनातही आलं नसेल.

पुढे लोखंडी यंत्रं आगगाडीने आली. वखारीबाहेर ओळीने मांडलेली, हिरवा रंग दिलेली, अंगावर ओतीव अक्षरांत कंपनीचं नाव आणि खाली पेटंटचा शिक्का. कातड्याच्या जागी रबर. फुईने गाडी जोडायला लावली आणि मला बरोबर घेतलं. एका यंत्रापाशी बसून तिने आत हात घातला आणि एकेक सळई चाचपत शेवटपर्यंत गेली. मग दुसऱ्या यंत्रात हात घातला. मग तिसऱ्या. माझ्याकडे वळून म्हणाली, "मन्ही तीट बी लई गयात."

सगळ्याच यंत्रांत शेवटची सळई आखूड होती. साच्यातूनच तशी ओतलेली.

वकीलसाहेबांनी विलायतेतला छापील मसुदा मागवून घेतला होता. त्यात त्या सळईवर एक अख्खा परिच्छेद होता. तिच्यामुळे माती आणि बारीक कचरा आपोआप निसटून जातो, हा या शोधाचा विशेष गुण आहे, असं साहेबाने लिहिलं होतं. वकीलसाहेब वाचत होते आणि फुई हसत सुटली. पदर तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिने विचारलं, "मन्हं नाव शे का त्यामा कोठे?" त्यांनी पानं उलटली. नाही म्हणून तोंडाने सांगायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून ते पानं पुन्हा उलटत राहिले.

माझं लग्न झालं, दुसरी मोठी लढाई सुरू झाली, संपली. गावात विहिरींवर इंजिनं आली, मोटा गेल्या आणि मोटेचं जुनं कातडं मिळेनासं झालं. फुईच्या लाकडी यंत्राला वाळवी लागली. शेवटी आबांनी ते हिरवं लोखंडी यंत्र घरी आणलं. फुईने एक गोणपाट घेतलं आणि त्या ओतीव अक्षरांवर घट्ट बांधलं. दर सुगीला यंत्र तीच चालवायची आणि चालवण्याआधी आत हात घालून आखूड सळईच्या टोकाला बोट लावायची. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी तेवढं तिला बरोबर सापडायचं. मी कधी माहेरी असले की ते पाहायची आणि मला वाटायचं, ठीक आहे, एवढं तरी आहे. सगळ्या जगाने कंपनीचं म्हणून वापरलं तरी प्रत्येक यंत्राच्या पोटात हिच्या हाताची खूण आहे आणि ती काढायचं कुणाला सुचणार नाही.

गोरे गेले त्यानंतरच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी आले होते. माझा धाकटा भाऊ धुळ्याला यंत्रकाम शिकून आला होता. हे सगळं घडलं तेव्हा तो तान्हा होता, आणि पुढे घरात त्या विषयाचं नाव काढायचं नाही असा अलिखित नियमच होता. त्याने पुढच्या सुगीची तयारी म्हणून यंत्र खोललं, पुसलं, तेल घातलं. संध्याकाळी मोठ्या खुशीत फुईला हाताला धरून अंगणात घेऊन आला.

"फुई, यामा एक सळई आखूड व्हती. कंपनीनी चूक! मी लोहारकडथून पुरी करी लई ऊनू."

मी ताडकन उठले. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याच क्षणी कळलं की मारायला आधी आबांपासून आणि माझ्यापासून सुरुवात करावी लागेल, कारण त्याला सांगितलंच कुणी नव्हतं. फुईने आत हात घातला. सळयांवरून बोट फिरवत शेवटच्या सळईपर्यंत गेली. टोक शोधलं. टोक नव्हतं, सळई थेट पलीकडे जाऊन पोचली होती. तिने पुन्हा एकदा चाचपून पाहिलं आणि हात बाहेर काढून लुगड्याला पुसला.

"बरं करं बेटा," ती त्याला म्हणाली. "आते हाई पुरी त्यासनी व्हई गई."

त्याला अर्थ कळला नाही. तो हसला आणि हात धुवायला गेला. फुई माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते गोणपाट काढी टाक."

मी गाठ सोडली आणि गोणपाट काढलं. अक्षरं अजून अगदी नवी होती.